क्लॅनड: गेलिक गाण्यांचं एक घराणं

लोकसंगीताला सिंथेसायझरचा साज चढवला की त्याचा कस जातो, हा आक्षेप आयर्लंडच्या ‘क्लॅनड’ या कौटुंबिक गटाने पुष्कळ ऐकला. त्यांची कारकीर्द नीट पाहिली तर तो टिकत नाही. डोनेगल परगण्यातल्या ग्विडोर या गेलिक, म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या भागात १९७० मध्ये मॉया, किअरन आणि पोल या ब्रेनन भावंडांनी नोएल व पॉड्रिग डगन या जुळ्या मामांना घेऊन गट उभा केला. वडील लिओ बँडवाले, आई संगीतशिक्षिका. वडिलांच्या पबमध्ये ही मुलं गात. परिसरातल्या वृद्धांच्या तोंडची गाणी मिळवून त्यांनी ती हार्प, बासरी, गिटार आणि डबल बेसवर बसवली. म्हणजे वाद्यमेळ पहिल्यापासूनच नवा होता, जुने होते ते शब्द आणि चाली. गेलिक गाणी खपणार नाहीत असं त्या काळी रेकॉर्ड कंपन्यांना वाटे, तरी या मंडळींनी ती सोडली नाहीत.

त्या हट्टाचं फळ १९८२ मध्ये मिळालं. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावरच्या ‘हॅरीज गेम’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेसाठी पोल आणि किअरन यांनी शीर्षकगीत रचलं. त्यात एकावर एक चढवलेल्या आवाजांचे थर आहेत, मागे सिंथेसायझर आहे आणि शब्द गेलिक आहेत. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकावर गेलं. इतक्या वर पोचलेलं ते पहिलंच गेलिक गाणं. धाकटी बहीण एन्या दोनेक वर्षं गटात राहून त्याच वर्षी बाहेर पडली आणि पुढे स्वतंत्रपणे जगप्रसिद्ध झाली.

पुढच्या काळात इंग्रजी गाणी वाढली, काही अल्बम गुळगुळीत झाले, हे खरं आहे. १९८५ मधलं आयरिश रॉक गायक बोनोबरोबरचं गाणंही इंग्रजीच. पण त्यांनी गेलिक टाकली नाही, हे अधिक महत्त्वाचं. चार गाण्यांनी भाषा वाचते का, असंही कोणी विचारेल. नाही वाचत, ते काम घराचं आणि शाळेचं. मात्र आपली भाषा मोठ्या मंचावर उभी राहू शकते, हे गाणं पटवून देतं, आणि लहान भाषेच्या माणसाला तेवढा विश्वासही सहजी मिळत नाही. पॉड्रिग २०१६ मध्ये आणि नोएल २०२२ मध्ये गेले. ज्यांना हा गट नवा आहे त्यांनी आधी १९७६ चा ‘डूलामन’ हा अल्बम ऐकावा, मग ‘हॅरीज गेम’, आणि परंपरा कुठे तुटली ते स्वतःच शोधून पाहावं.