कार्ड तुमचं, खर्च कुणाच्या नावावर?

मिरजेत दवाखान्यांची रीघ आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून सांगली-साताऱ्याबरोबर विजापूर-बेळगावचे रुग्णही मिरजेची वाट धरतात. हल्ली या रुग्णांच्या पिशवीत जुन्या फायलींबरोबर रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड असतं. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांमुळे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रान विकायची वेळ अनेक घरांवरची टळली. पण योजनेचा पैसा कसा फिरतो, त्यावर नजर कोण ठेवतं आणि गडबड झाली तर नुकसान कुणाचं, याबद्दल गावागावांत पक्के गैरसमज आहेत. त्यातल्या काहींची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

“सरकारचा पैसा आहे, आपलं काय जातंय?”

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. योजनेचं संरक्षण कुटुंबाला असतं, दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत. ते घरातल्या सगळ्यांत मिळून आहे, प्रत्येकाला वेगळं नाही. रुग्णालयाने दावा केला की मंजूर रक्कम त्या कुटुंबाच्या शिलकीतून वजा होते. दावा खरा असो वा खोटा, वजाबाकी तीच.

समजा, जतहून एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येतात आणि कागदावर तीन फेऱ्या दाखवल्या जातात. किंवा साध्या वॉर्डात काढलेले दोन दिवस अतिदक्षता विभागात लावले जातात. रुग्णाच्या खिशातून दमडी जात नाही, म्हणून तो गप्प बसतो. त्याच वर्षी घरात कुणाला अँजिओप्लास्टी करायची वेळ आली की मग रुग्णालयात योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र सांगतो, शिल्लक अपुरी आहे. खोटा दावा सरकारी तिजोरीतून जातो हे खरंच, पण त्याआधी तो तुमच्या घराच्या वाट्यातून जातो.

“ही योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची”

पूर्वी तसं होतं. योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा-सांगलीचा त्यांत समावेश नव्हता; २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. महात्मा फुले यांचं नाव तिला २०१७ मध्ये मिळालं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही पात्र ठरलं, संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं आणि उपचारांची यादी १,३५६ झाली. १ जुलै २०२४ पासून हा विस्तार अमलात आला. तेव्हा “तुमचं कार्ड चालत नाही, रोख भरा” असं कुणी म्हणालं, तर ते तिथेच आरोग्यमित्राकडून तपासून घ्यावं.

“कॅगने साडेसात लाख बोगस रुग्ण पकडले”

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षक) आयुष्मान योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर ७,४९,८२० लाभार्थी नोंदले आहेत, हे त्यात होतं. तेवढंच वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि साडेसात लाख बोगस कार्डं निघाली असा अर्थ लावला गेला. कॅगने तसं म्हटलेलं नाही. पात्रता मोबाइलवरून ठरत नाही, असा खुलासा केंद्राने केला आणि तो बरोबर आहे. नोंदणीच्या वेळी ज्याच्याकडे फोन नव्हता, त्याच्या रकान्यात कर्मचाऱ्याने दहा वेळा नऊ मारला, तर ती व्यक्ती खोटी ठरत नाही.

पण म्हणून विषय किरकोळ आहे असंही मी मानत नाही. उपचार झाल्यावर “तुमचं ऑपरेशन खरंच झालं का, पैसे मागितले का” हे रुग्णाला विचारायचं तर फोन कुठे लावणार? खोट्या क्रमांकामागे खरा माणूस असतो, आणि त्याच्या नावावर काय चाललंय ते त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट बंद झालेली असते. तुमच्या कार्डाला तुमचाच क्रमांक जोडला आहे ना, हे आजच पाहून घ्या.

त्याच अहवालात दुसरी बाब होती. नोंदीनुसार आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले होते. यावरही सरकारचं उत्तर आहे: रुग्ण दाखल झाल्यावर तीन दिवसांपर्यंत पूर्वपरवानगीचा अर्ज करता येतो, आणि तोवर रुग्ण दगावला तर तारखा उलटसुलट दिसतात. काही प्रकरणांत तसं घडलं असेल. पण ज्या संगणक प्रणालीला मृताच्या नावावरचा दावा थांबवून “आधी तपासा” म्हणता येत नाही, ती प्रणाली लबाड माणसाची सोय करते. कॅगचा खरा आक्षेप तिथे आहे. कॅग पोलीस नव्हे. तो कुणाला अटक करत नाही, पैसे वसूल करत नाही. त्याचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जातो आणि पुढची कारवाई शासनाने करायची असते.

“पैसे गेल्यावर चौकशी होते”

रचना तशी नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णालयाला तपासण्यांचे अहवाल आणि फोटो ऑनलाइन पाठवून पूर्वपरवानगी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर नोंदी, एक्स-रे, डिस्चार्जचे कागद जोडून दावा करावा लागतो, आणि डॉक्टर तो तपासतात. राज्यात हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या देखरेखीखाली चालतं, केंद्रात गैरव्यवहार शोधण्यासाठी वेगळं पथक आहे. आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरातल्या ६.६६ कोटी दाव्यांपैकी खासगी रुग्णालयांचे २.७ लाख दावे अमान्य ठरले. त्यांची रक्कम ५६२.४ कोटी रुपये होती. १,११४ रुग्णालयं योजनेतून काढून टाकण्यात आली.

हजारी चार दावे, असं हे प्रमाण पडतं. त्यावरून “बाकी सगळं स्वच्छ आहे” असा निष्कर्ष काढणं चूक आणि “सगळेच चोर आहेत” म्हणणंही चूक. पकडले गेले ते एवढे, इतकाच त्याचा अर्थ. कागद नीट जुळवलेला खोटा दावा संगणकाला खरा वाटतो. मुंबईत पडद्यासमोर बसलेल्या डॉक्टरला कागदावरची फेरी दिसते, पण त्या दिवशी खाट रिकामी होती हे फक्त रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकाला माहीत असतं.

तपासणीच्या भरवशावर राहिलं की काय होतं, हे सांगली जिल्ह्याने फार जवळून पाहिलंय. ते प्रकरण विमा-दाव्यांचं नव्हतं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये १९ भ्रूण जमिनीत पुरलेले सापडले. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा होता, तपासणी पथकांची तरतूद होती. तरी हा प्रकार उघडा पडला तो एका विवाहितेचा गर्भपातादरम्यान जीव गेल्यावर.

“सगळी लबाडी खासगी दवाखान्यांत”

सरकारी व्यवस्थेतली नासाडी वेगळ्या जातीची असते: तंत्रज्ञ नाही म्हणून पडून राहिलेलं यंत्र, मुदत उलटलेला औषधसाठा, डॉक्टरांविना उभी इमारत. यात कुणी खिसा भरलेला असेलच असं नाही, पण रुग्णाला फरक पडत नाही. कधी मात्र उघड फसवणूकही असते. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचे नमुने घेतले. त्यांत ते औषधच नव्हतं.

“पैसे दिले, आता तक्रार केली तर मीच अडकेन”

ही भीती खरी आहे आणि तिचा फायदा घेतला जातो. मुळात योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेताच येत नाहीत. तपासण्या, औषधं, जेवण, परतीचं भाडं हे पॅकेजमध्येच धरलेलं असतं. खासगी रुग्णालयाने पैसे घेतले, तर पावती किंवा ऑनलाइन भरल्याचा पुरावा ठेवून आरोग्यमित्राकडे, जिल्हा समन्वयकाकडे किंवा १५५३८८ वर तक्रार करता येते. पैसे परत मिळू शकतात.

सरकारी कर्मचाऱ्याने लाच मागितली तर रस्ता वेगळा: लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. पैसे देण्याआधी तक्रार केली तर सापळा लावता येतो. नाइलाजाने द्यावेच लागले असतील, तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार सात दिवसांत कळवणारा गुन्हेगार ठरत नाही. हे सात दिवस लक्षात ठेवा.

दवाखान्यातल्या आतल्या माणसाचं काय? अमेरिकेत १८६३ पासून असा कायदा आहे की सरकारला फसवणारा दावा उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो, साधारण १५ ते ३० टक्के. तिथल्या आरोग्य योजनांतली मोठमोठी प्रकरणं नर्स, हिशेबनीस, डॉक्टर यांच्यामुळेच बाहेर आली. आपल्याकडे असा गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण अमलात आणला गेला नाही. खोट्या नोंदी करायला लावल्या जाणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याला आज नोकरी आणि विवेक यांतलं एक निवडावं लागतं. ही शरमेची गोष्ट आहे आणि ती संसदेच्या हातात आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. डिस्चार्जच्या वेळी आरोग्यमित्राला विचारा: कोणता उपचार लावला, किती रक्कम मंजूर झाली, कार्डावर शिल्लक किती? केसपेपरच्या प्रती मागा. वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. घरी आल्यावर गावातल्या आशाताईला किंवा शिकलेल्या पोराला कागद वाचायला सांगा, आणि न झालेला उपचार त्यात दिसला तर त्याच दिवशी १५५३८८ फिरवा.