व्हॉल्व्ह अडकला की सेन्सर चुकला?

एप्रिल २०२१. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहत रात्र काढत होती. नंदुरबार जिल्ह्यात मात्र हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प आधीच उभे होते. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस. पहिला प्रकल्प त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच बसवून घेतला होता. कळसाडीसारख्या गावातून धाप लागलेला रुग्ण निघाला, की जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यातच मोलाचा वेळ जातो. तिथे पोहोचल्यावर सिलिंडर संपल्याचे ऐकावे लागले तर पुढे जायला जागा नसते.

हे यंत्र आतून कसे चालते? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या बारीक खड्यांनी भरलेल्या टाकीत सोडतो. दाबाखाली हे खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे निघून जातो. थोड्याच वेळात खडे नायट्रोजनने भरतात. मग हवा शेजारच्या टाकीकडे वळवली जाते आणि पहिलीतला दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकला जातो. दोन टाक्यांची ही आळीपाळी दिवसरात्र चालते. मिळणारा ऑक्सिजन सुमारे ९३ टक्के शुद्ध असतो.

समजा, एका रात्री हा आकडा ८५ वर आला. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नसेल. कदाचित मोजणारा सेन्सरच जुना झाला असेल. म्हणजे वायू चांगला आणि आकडा खोटा. आळीपाळी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणी तरी काही सेकंद इकडेतिकडे केले असतील. किंवा पावसाळ्यात ड्रायर नीट चालला नसेल आणि ओलसर हवेने झिओलाइट खराब झाले असेल. मेकॅनिकलवाला म्हणतो माझे ठीक आहे, इलेक्ट्रॉनिक्सवालाही तेच म्हणतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारा फोन उचलत नाही. वॉर्डातली सिस्टर तोवर राखीव सिलिंडर जोडत असते.

धाप लागलेल्या रुग्णाचेही असेच होते. हृदयाचे, फुप्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर आपापला अवयव तपासतात. पण रक्तक्षय किती आहे हे पाहणारा कोणी तरी लागतोच.

यंत्राच्या बाबतीत असे सगळे मिळून पाहणारी विद्याशाखा म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून हा शब्द बनवला. पुढे त्यात संगणक आणि नियंत्रणशास्त्रही आले.

घरात मूल इंजिनिअर झाले, की ‘आता नोकरी धरायची सोडून आणखी दोन वर्षे कशाला?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. पदवीला विषय सुटे सुटे शिकवले जातात. एम.टेक.ला सेन्सर, मोटर, नियंत्रण आणि प्रोग्रॅम एकत्र आणून काही तरी चालवून दाखवावे लागते. ते चालत नाही, आणि का चालत नाही हे शोधण्यात महिने जातात. खरे शिक्षण तिथेच होते. एकदा ते अंगी आले की यंत्र कोणते, याने फार फरक पडत नाही. पुण्याची नोक्का रोबोटिक्स ही कंपनी सौर पॅनेल साफ करणारे रोबो बनवत होती. २०२० मध्ये आयआयटी कानपूरच्या मदतीने तिने व्हेंटिलेटर बनवला.

हे शिक्षण पुण्याच्या सीओईपीत आणि आयआयटी पाटण्यात मिळते. ‘गेट’ परीक्षेत मेकॅट्रॉनिक्सचा वेगळा पेपर नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन असा आपल्या शाखेचा पेपर देता येतो. मात्र कोणता पेपर चालतो, हे त्या त्या संस्थेचे नियम पाहून ठरवावे. ‘गेट’मधून प्रवेश मिळालेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. परदेशी जायचे असेल तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, राहण्याचा खर्च मात्र मोठा असतो. नंदुरबारमध्ये दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी आहेत. तिथल्या मुलामुलींसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्तीही आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जिल्हा रुग्णालयाला रोजच्या देखभालीसाठी एम.टेक. लागत नाही; फिल्टर वेळेवर बदलणारा आयटीआय किंवा डिप्लोमाचा जाणकार तंत्रज्ञ लागतो. ते पद रिकामे असेल तर पदव्यांचा काही उपयोग नाही. एम.टेक.वाल्याचे काम त्याआधीचे: विजेच्या लपंडावात, धुळीत आणि चाळिशीपार उन्हात टिकेल आणि बिघाड कुठे आहे हे स्वतःच सांगेल असे यंत्र बनवण्याचे. असे विषय प्रयोगशाळेत बसून सुचत नाहीत. आयआयटी मुंबईचे ‘बेटिक’ हे केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणे घडवते. सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटीही त्यात सहभागी झाले.

म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात दोन चौकशा कराव्यात. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली यंत्रे दाखवा म्हणावे. आणि त्यांतले आज चालू कोणते, तेही विचारावे.