एका मताची किंमत

राज्यशास्त्राच्या तासाला संघराज्याचा विषय निघाला की आपण सारे राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि सर्वोच्च न्यायालय यांच्याविषयी हिरिरीने बोलतो. राज्याच्या कायदेमंडळाचे प्रकरण मात्र परीक्षेपुरते वाचून बाजूला ठेवतो. ‘आमदार’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती उद्घाटने, शिफारसपत्रे आणि सत्काराचे हार. कायदा करणे हे त्याचे खरे काम आहे, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. कधीकधी तर तो स्वतःही ठेवत नाही!

वस्तुतः कामगाराने दिवसाकाठी किती तास राबावे, बाळंतिणीने कामावर केव्हा परतावे, कारखान्याच्या धुराला मर्यादा असावी की नाही, हे प्रश्न आपल्या जगण्याला रोज भिडणारे आहेत. अमेरिकेत असे पुष्कळसे प्रश्न राज्यांच्या पातळीवरच सोडवले जातात. जे अधिकार तेथील राज्यघटनेने संघसरकारला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहिले आहेत. म्हणून तेथे पन्नास राज्यांची पन्नास कायदेमंडळे आहेत आणि माणसाला मिळणारे संरक्षण तो कोणत्या राज्यात राहतो यावर बरेचसे अवलंबून असते. त्यांपैकी न्यूयॉर्क राज्याच्या कायदेमंडळाची हकिगत येथे सांगावयाची आहे. न्यूयॉर्क शहर साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु त्या राज्याची राजधानी आहे शहरापासून सुमारे दीडशे मैलांवरचे ऑल्बनी. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कामगार, स्त्रिया आणि निसर्ग या तिघांच्या संरक्षणासाठी तेथे जे कायदे झाले, ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे.

बंद दरवाजा

२५ मार्च १९११. शनिवारची दुपार. न्यूयॉर्क शहरातील एका दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ‘ट्रँगल शर्टवेस्ट’ नावाचा स्त्रियांची पोलकी शिवण्याचा कारखाना होता. तेथे आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोहोचत नव्हत्या. अनेक मुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. या दुर्घटनेत १४६ जीव गेले. त्यांत बहुसंख्य होत्या इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या तरुण मुली. मालकांवर खटला झाला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले.

न्यायालयाकडून जे झाले नाही ते कायदेमंडळाला करता येईल काय? हा प्रश्न सोपा नव्हता. बेकरी-कामगारांच्या कामाला दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा याच राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये रद्द ठरवला होता. कामगार आणि मालक यांना हवा तसा करार करण्याचे स्वातंत्र्य आहे, असे त्यामागचे तत्त्व होते. भुकेलेल्या माणसाला कराराचे स्वातंत्र्य कितपत असते, हा विचार त्यात नव्हता.

तरीही १९११ च्या जूनमध्ये कायदेमंडळाने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष होते सेनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष होते आमदार अल्फ्रेड स्मिथ. हे दोघे काही क्रांतिकारक नव्हेत. न्यूयॉर्कमधील ‘टॅमनी हॉल’ या बदनाम राजकीय यंत्रणेतूनच ते वर आले होते. मात्र गरिबी दोघांनीही पाहिली होती. वॅग्नर लहानपणी जर्मनीतून आलेले. स्मिथ यांना वडील वारल्यावर शाळा सोडून पुढे मासळीबाजारात काम करावे लागलेले.

या आयोगाबरोबर काम करणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण समाजसेविका होती. ती आग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आमदारांना अहवाल वाचून दाखवण्यात अर्थ नाही, त्यांना जागेवर नेऊन उभे केले पाहिजे, हे तिने ओळखले. ‘आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग’ म्हणून भिंतीला पाडलेल्या एका भोकातून वॅग्नरसाहेबांना सरपटत बाहेर पडावयास लावण्यात आले. बाहेर बर्फाने माखलेली लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीपासून बारा फुटांवरच संपत होती! स्मिथ यांना ऑबर्न नावाच्या गावी नेऊन दोरखंडाच्या कारखान्यातून दहा तासांची रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवण्यात आल्या. भाज्या डबाबंद करण्याच्या एका कारखान्यावर आयोगाचे सभासद भल्या पहाटे न कळवता जाऊन थडकले. तेथे पाच-सहा वर्षांची मुले शेंगा निवडत बसली होती.

परिणाम असा झाला की पुढील तीन वर्षांत कायदेमंडळाने तीसहून अधिक कायदे संमत केले. कामाच्या वेळी दरवाजे कुलूपबंद ठेवण्यास बंदी आली. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव सक्तीचा झाला. कारखान्यातील स्त्रियांच्या कामाला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा पडली, आणि बाळंतपणानंतर चार आठवडे स्त्रीला कारखान्यात कामास लावण्यास मनाई झाली. डबाबंद अन्नाच्या कारखानदारांनी रविवारच्या सुटीतून सवलत मागितली, तेव्हा बायबलमधील विश्रांतिदिनाच्या आज्ञेत ‘डबाबंद कारखाने वगळून’ असे शब्द आपल्याला कोठे आढळले नाहीत, असा टोला स्मिथ यांनी सभागृहात मारला.

या कायद्यांत उणिवाही होत्या. बाळंतिणीला काम बंद केले, पण त्या चार आठवड्यांत तिने खावे काय, याची तरतूद नव्हती. स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीमुळे छापखान्यांतील स्त्रियांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या आणि त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. संरक्षण आणि बंधन यांतील सीमारेषा किती बारीक असते, हे यावरून ध्यानी येते.

ऑबर्नचा आमदार

ज्या ऑबर्नला स्मिथ यांनी रात्रपाळीच्या बायका पाहिल्या, त्याच गावाचा एक आमदार साठ वर्षांनी दुसऱ्या एका प्रश्नाच्या कात्रीत सापडला. त्यांचे नाव जॉर्ज मायकेल्स.

न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकापासून गर्भपात हा गुन्हा होता. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तेवढा तो करता येई. पैसेवाल्या बायका परदेशी जात, गरीब बायका चोरून उपाय करीत आणि कित्येक जणी त्यात दगावत. हा कायदा बदलण्यासाठी कॉन्स्टन्स कुक या रिपब्लिकन आमदार बाईंनी आणि फ्रान्झ लाइख्टर या डेमोक्रॅट आमदारांनी विधेयक आणले. पक्ष दोन, विधेयक एक, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विरोधही तितकाच प्रखर होता. गर्भ हा जीवच आहे आणि त्याचे रक्षण करणे हेच सरकारचे कर्तव्य आहे, अशी विरोधकांची प्रामाणिक श्रद्धा होती. कॅथलिक मतदारांचा त्यांना मोठा पाठिंबा होता.

९ एप्रिल १९७० रोजी विधानसभेत मतदान झाले. सभागृहात एकूण १५० जागा. विधेयक मंजूर होण्यास ७६ मते हवीत. मायकेल्स यांचा कल मनातून विधेयकाकडे होता, पण त्यांच्या मतदारसंघात कॅथलिकांचे प्राबल्य होते. त्यांनी पूर्वी विरोधी मत दिले होते, त्या दिवशीही प्रथम तेच दिले. मोजणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंना ७४ मते. निकाल जाहीर होण्यापूर्वी मायकेल्स उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. आपल्या मताने हे विधेयक पडू देऊ नका, अशी आपल्या मुलाची विनवणी आहे, असे त्यांनी सांगितले. यामुळे आपली राजकीय कारकीर्द संपेल हे आपण जाणतो, असेही ते म्हणाले आणि आपले मत बदलून खाली बसले. मग सभापतींनी आपले मत घालून ७६ हा आकडा पुरा केला. विरोधात राहिली ७३.

मायकेल्स यांचा अंदाज खरा ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ते पराभूत झाले. इकडे १ जुलै १९७० पासून कायदा अमलात आला आणि इतर राज्यांतल्या स्त्रियाही न्यूयॉर्ककडे येऊ लागल्या.

येथे आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मतदारांच्या इच्छेविरुद्ध मत देणारा प्रतिनिधी लोकशाहीचा अपराधी नव्हे काय? माझ्या मते, नव्हे. प्रतिनिधी हा नुसता निरोप्या असता तर सभागृहात चर्चेची गरजच उरली नसती. मात्र स्वतःच्या सदसद्विवेकाने वागणाऱ्याने त्याचा हिशेब मतदारांपुढे ठेवला पाहिजे आणि ते देतील तो निकाल शिरोधार्य मानला पाहिजे. मायकेल्स यांनी दोन्ही केले. सभागृहात उघडपणे मत बदलले आणि पराभव पत्करला. कातडी वाचवण्यासाठी ऐन मतदानाच्या वेळी बाहेर निघून जाणाऱ्यांपेक्षा हा माणूस मला मतदारांचा अधिक आदर करणारा वाटतो.

पण एकदा कायदा झाला की काम संपले, असे समजणे हा भाबडेपणा ठरेल. १९७२ मध्ये याच कायदेमंडळाने हा कायदा रद्द करण्याचे विधेयक संमत केले. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी नकाराधिकार वापरला म्हणूनच तो वाचला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क साऱ्या देशाला दिला आणि जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेऊन प्रश्न पुन्हा राज्यांकडे सोपवला. तोवर न्यूयॉर्कच्या आमदारांनी २०१९ मध्ये नवा कायदा करून गर्भपाताचा विषय दंडसंहितेतून काढून सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात नेला होता. म्हणून २०२२ मध्ये तेथील स्त्रियांच्या पायाखालची जमीन सरकली नाही. अनेक राज्यांत ती सरकली. २०२४ मध्ये तेथील मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून हे संरक्षण आणखी पक्के केले.

शेजाऱ्याचा धूर

तिसरी हकिगत पावसाची आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील सरकारी जंगल कायम रानच राहील, अशी तरतूद राज्यघटनेत १८९४ मध्येच केली गेली. कुऱ्हाडीपासून जंगल वाचले, पण पुढे संकट आले ते आभाळातून. दगडी कोळसा जाळला की गंधकाचा आणि नत्राचा वायू हवेत जातो, बाष्पाशी त्याचा संयोग होतो आणि आम्लयुक्त पाऊस पडतो. अ‍ॅडिरॉन्डॅकची माती पातळ आणि खडक कठीण. आम्ल शमवणारा चुना तेथे कमी. म्हणून तेथील कित्येक तळ्यांतील मासे नाहीसे झाले.

यातला बराचसा धूर पश्चिमेकडील राज्यांतील वीजकेंद्रांतून वाऱ्याबरोबर येत असे. एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्याच्या धुराड्याला बांधील नसतो. मग न्यूयॉर्कने हात जोडून स्वस्थ बसावे काय? मॉरिस हिंची नावाचे आमदार तेव्हा विधानसभेच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते. सिमेंटच्या कारखान्यात आणि महामार्गाच्या टोलनाक्यावर नोकरी केलेला हा माणूस. त्यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये न्यूयॉर्कने आम्लवर्षाविरोधी कायदा केला. अमेरिकेतील हा अशा प्रकारचा पहिलाच कायदा होता. शेजाऱ्याला बोल लावण्यापूर्वी आपले घर झाडावे, असा हा न्याय. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, संघसरकारने साऱ्या देशातील वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली. तळी हळूहळू सावरू लागली.

पुढे स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी आणि आरोग्यदायी पर्यावरण हा प्रत्येकाचा हक्क आहे, अशी घटनादुरुस्ती तेथे झाली. तेथील नियमानुसार अशी दुरुस्ती दोन लागोपाठच्या कायदेमंडळांनी संमत करावी लागते, मग मतदारांनी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी ती मोठ्या बहुमताने मान्य केली.

मुंबईचे सभागृह

हे सारे दूरदेशीचे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ऑल्बनीत कारखान्यांचे कायदे एकामागून एक संमत होत होते, त्याच १९१३ साली एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि १९१६ पर्यंत तेथे शिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. २८ जुलै १९२८ रोजी प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला त्यांनी तेथे जोरदार पाठिंबा दिला. कामगार स्त्रीला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला आणि त्यात, न्यूयॉर्कच्या कायद्यात नव्हती ती, रोख साहाय्याची तरतूद होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. तेव्हा हरलेला हा विचार स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. राज्याच्या सभागृहात आज पडलेले मत उद्या देशाचे धोरण होऊ शकते, हे ऑल्बनीत जसे खरे तसेच मुंबईतही.

मित्रहो, या तिन्ही हकिगतींतील आमदार असामान्य पुरुष नव्हते. कोणी मासळीबाजारातून आला होता, कोणी टोलनाक्यावरून. त्यांना कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर नेले, कोणीतरी घरात प्रश्न विचारला, आणि त्यांनी तोंड फिरवले नाही. पर्किन्सबाईंना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. न्यूयॉर्कच्या स्त्रियांना तो १९१७ मध्ये मिळाला. तरी त्यांनी आमदारांना बर्फाळ शिडीवर चढवले. मायकेल्स यांच्या मुलाने वडिलांना मोकळे सोडले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना मत आहे. आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला तरी सांगता आले नाही. हा लेख लिहिताना त्याची लाज वाटली, म्हणून ही कबुली येथेच देऊन ठेवतो.

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)