आयसा हलवायचाय? पैसे हातात घेऊ नका!

ब्रिटनमध्ये नोकरी करत धंद्याचं भांडवल शेअर्सच्या आयसात साठवताय? नफ्यावर कर नाही, झकास. पण फी बघितलीत? समजा खात्यात 40,000 पौंड आहेत. 0.45 टक्के फी म्हणजे वर्षाला 180 पौंड, 0.15 टक्केवाल्याकडे 60. फरक 120 पौंडांचा, तोही दरवर्षी!

मग बदला की. फक्त पैसे काढून स्वतःच्या बँकेत आणू नका. एका करवर्षात आयसात 20,000 पौंडच भरता येतात, म्हणजे साध्या आयसातून सगळे काढलेत तर निम्म्या रकमेचं करमुक्त कवच गेलंच म्हणून समजा.

नव्या कंपनीकडे आयसा उघडा आणि तिचाच ट्रान्सफर फॉर्म भरा. जुनीकडून पैसे तीच मागवते. मागच्या वर्षांची रक्कम अशी हलवली तर यंदाची मर्यादा शाबूत राहते. याला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात.

गुंतवणूक न विकता जशीच्या तशी जाईल का, हे आधी विचारा. विकून गेली आणि मधल्या दिवसांत बाजार चढला, तर तुम्ही बाहेर. जुन्या कंपनीची बाहेर पडायची फीही विचाराच. ती 120 पौंडांच्या वर असेल तर पहिल्या वर्षी हाती काहीच लागणार नाही.