स्वस्त खोलीचा महाग हिशेब

दिल्ली पाहायला निघालेला मध्यमवर्गीय आधी खोलीचं भाडं विचारतो. ती कुठे आहे, हे नंतर. शहराच्या टोकाला दोनशे रुपये वाचले, तरी चौघांच्या रोजच्या येण्याजाण्यात ते जातात. नवी दिल्ली स्थानकासमोरचं पहाडगंज गोंगाटाचं खरं, पण स्थानक ओलांडलं की अजमेरी गेटच्या बाजूला मेट्रो. तिथून चांदनी चौक दुसरं स्थानक. २०१० पासून कुतुबमिनारला जायलाही तीच गाडी. खोली आणि न्हाणीघर पाहूनच पैसे द्यावेत, एवढंच.

दुपारी आईचे गुडघे कुरकुरू लागले की तासभर पाठ टेकायला खोली जवळच हवी. नाहीतर मुलं लाल किल्ला पाहतात आणि ती बाकावर पिशव्या सांभाळत बसते. वाचलेल्या भाड्याच्या हिशेबात हा खर्च कुणी मांडत नाही.