नाव बदललं की मोजमाप?

जुना डेटा हाती आला की आपण लगेच ग्राफ काढायला बसतो. त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या कॉलमचा अर्थ सगळ्या वर्षांत एकच होता का?

अमेरिकेतल्या नॅसकारच्या कार शर्यतींचं उदाहरण घेऊ. तिथली सर्वांत वरची मालिका म्हणजे 'कप'. आपण पाहणार आहोत तिच्या खालोखालची, दुसऱ्या फळीची मालिका.

ही सुरू कधी झाली? १९५० साली 'स्पोर्ट्समन' विभाग निघाला, १९६८ पासून त्याचं नाव 'लेट मॉडेल स्पोर्ट्समन' झालं. तेव्हा चालक ठिकठिकाणच्या छोट्या ट्रॅकवर धावून गुण जमवायचे. १९८२ मध्ये सगळ्यांसाठी २९ शर्यतींचं एकच वेळापत्रक आलं. आजची मालिका इथून मोजतात. आता सांगा, जॅक इन्ग्रमने विजेतेपद किती वेळा मिळवलं? १९८२ पासून मोजलं तर दोनदा. १९७२ ते १९७४ ची तीन धरली तर पाच. माणूस तोच, फक्त तुमची सुरुवातीची रेघ सरकली.

पुढे १९८४ मध्ये बुश, २००८ मध्ये नेशनवाइड, २०१५ मध्ये एक्सफिनिटी अशी नावं बदलत गेली. पण हे प्रायोजक बदलले; निव्वळ नावामुळे डेटा तुटत नाही.

खरा तुटवडा नाही, पण खरी फट २०११ मध्ये आहे, आणि तिथे नाव बदललेलंच नाही! २००६ ते २०१० चे पाचही विजेते 'कप'मध्ये पूर्णवेळ धावणारे चालक होते. नवोदितांना जागाच उरेना. म्हणून २०११ पासून नियम आला: चालकाने गुणांसाठी एकच मालिका निवडायची. त्या वर्षी काइल बुशने इथे ८ शर्यती जिंकल्या, पण त्याने 'कप' निवडल्यामुळे इथले गुण शून्य. २ शर्यती जिंकणारा रिकी स्टेनहाउस ज्युनियर विजेता ठरला.

म्हणजे २०१० पर्यंत 'विजेता' हा सगळ्यांतून ठरत होता, नंतर फक्त गुणांना पात्र असलेल्यांतून. हे न पाहता ग्राफ काढलात, तर 'दुसऱ्या फळीचे चालक अचानक सुधारले' असा निष्कर्ष निघेल. आणि तो साफ चुकेल.

तेव्हा तुमच्या विषयातला डेटा उघडण्याआधी नियमांचा इतिहास वाचा. व्याख्या जिथे बदलली, तिथे ग्राफवर उभी रेघ मारा. मगच कल शोधा.