मुलगा, मुलगी आणि नाणेफेक

१७१० साली राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या. १६२९पासूनची ८२ वर्षं, आणि एकूण एक वर्षी मुलगेच जास्त. मुलगा की मुलगी ही निव्वळ नाणेफेक असेल, तर ८२ वेळा सलग छापाच पडावा तसं हे झालं. त्याची शक्यता एका पंचवीस अंकी संख्येत फक्त एक. म्हणून ही ईश्वराचीच योजना, असं त्यांनी लिहिलं.

गणित चोख होतं, पण शेवटची उडी फार लांबची होती. नाणेफेक खोटी ठरली म्हणजे एवढंच सिद्ध झालं की प्रमाण निम्मं-निम्मं नाही. ते का नाही, हे आकडे सांगत नाहीत. निकोलस बर्नुली यांनी काही वर्षांतच दाखवलं की ३५ जन्मांत १८ मुलगे असं प्रमाण धरलं, तर त्याच नोंदींत नवल वाटण्यासारखं काही राहत नाही.

आज आपण आर्बथनॉट यांच्या 'निम्मं-निम्मं'ला शून्य परिकल्पना म्हणतो. हे नाव रोनाल्ड फिशर यांनी १९३५मध्ये रूढ केलं. तिच्यासमोर पर्यायी परिकल्पना मांडायची शिस्त जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा या मांडणीतच होतो, आकडेमोडीत नाही. शून्य परिकल्पनेत नेमका आकडा हवा, कारण त्याशिवाय शक्यता मोजताच येत नाही. आणि दोन्ही परिकल्पना आकडे पाहण्याआधी लिहायच्या.

शून्य कुठे ठेवायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात तर गर्भलिंगनिवडीच्या शंकेमुळे फार गंभीर आहे. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारात ५१२. समजा, एका तालुक्यात वर्षभरात १००० जन्म झाले आणि त्यांत ५३५ मुलगे. शून्य परिकल्पना 'निम्मे' अशी धरली, तर इतके किंवा याहून जास्त मुलगे केवळ योगायोगाने होण्याची शक्यता सुमारे दीड टक्का. परिकल्पना फेटाळली जाते. तीच '५१.२ टक्के' धरली, तर शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर फेटाळता येत नाही. पर्यायी परिकल्पना दोन्हीकडे एकतर्फी: मुलग्यांचं खरं प्रमाण याहून जास्त आहे. इथे 'खरं प्रमाण' महत्त्वाचं. ५३५ तर मोजलेलेच आहेत, त्यांच्याबद्दल परिकल्पना कसली करायची? ती त्यांच्यामागच्या, न दिसणाऱ्या प्रमाणाबद्दल असते.

फेटाळता आली नाही म्हणून तालुका निर्दोष ठरत नाही. हजार जन्म हा पुरावाच तोकडा. हेच प्रमाण लाखभर जन्मांत दिसलं, तर नैसर्गिक प्रमाणाची शून्य परिकल्पना क्षणभरही टिकणार नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि ही मोजणी एक कोटीहून अधिक मुलांची होती.